नेहमीच्याच दोन गोळ्या

(ओळख पटू नये म्हणून गाव, वय, तारखा आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

सकाळी सव्वासातला फोन वाजला. नंबर ओळखीचा, आवाज रडका. "मॅडम, हे उठतच नाहीयेत. तुमच्या त्या नव्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासूनच काहीतरी बिघडलंय."

मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे. नव्या गोळ्यांवर खापर फोडणारे फोन मला नवे नाहीत. पण त्या दिवशी त्या बाईंचं निम्मं बरोबर होतं, आणि ते माझ्या ध्यानात यायला दुपार झाली.

२०१९ चा मे महिना. रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी भरात होती आणि दिल्लीच्या गाड्यांना उसंत नव्हती. आमचा रुग्ण, वय छत्तीस, अशाच एका गाडीवर ड्रायव्हर. सावद्याकडे माल भरायचा, बऱ्हाणपूरवरून वर काढायचा, आझादपूर मंडीत खाली करायचा आणि मिळेल ते परतीचं भाडं घेऊन यायचं. केळी वाट बघत नाही, त्यामुळे ड्रायव्हरलाही झोप मिळत नाही. अशीच एक फेरी करून तो शनिवारी संध्याकाळी घरी आला, आंघोळ केली, दोन घास खाल्ले, रोजचं औषध घेतलं आणि धाब्यावर झोपायला गेला. (आमच्याकडे मातीच्या घराचं सपाट छत म्हणजे धाबं. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथेच झोपतं.) सकाळी आई चहा घेऊन शिडी चढली. "मना पोऱ्या उठी नई ऱ्हायना!" हे तिचं ओरडणं तीन घरं सोडून ऐकू गेलं म्हणतात.

पहिला अर्धा तास सापात गेला. उन्हाळ्यात उघड्यावर झोपलेला माणूस उठेना म्हटलं की गावात मण्यारीचंच नाव निघतं, आणि ते चूक नाही. मण्यार चावलेली कळत नाही, खूण सापडत नाही, पापण्या मात्र मिटत जातात. कुणी भगताकडे न्या म्हणालं. पत्नीने कुणाचं न ऐकता १०८ ला फोन लावला. ती ऐकत बसली असती तर हे लिहायला काही उरलं नसतं.

अपघात विभागात आणला तेव्हा श्वास मिनिटाला आठ, ऑक्सिजन ८४ टक्के, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बारीक बाहुल्या पाहिल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांना आधी फवारणीचं औषध आठवलं. कापूस-केळीच्या मुलखात ते आठवायलाच हवं. पण तोंडाला लाळ-फेस नाही, घामाने भिजलेला नाही, छातीत पाणी वाजत नाही, अंगाला वास नाही. मग बाहुल्या बारीक कशाने?

उत्तर दाराशी उभं होतं. गाडीवरचा क्लीनर, वीसेक वर्षांचा पोरगा, एक हात खिशात घालून. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. त्याने खिशातून काढलेल्या दोन्ही वस्तू मी नंतर पाहिल्या. एक दहा गोळ्यांची स्ट्रिप, आठ घरं फुटलेली, एक कडा दातांनी चावलेली. दुसरी खोकल्याच्या औषधाची बाटली, लेबल नखाने खरवडून काढलेलं, तळाशी बोटभर चिकट पाणी. गोळी अल्प्राझोलामची, म्हणजे झोपेची, अर्ध्या मिलिग्रॅमची. आमच्या भागात तिला कुत्ता गोळी म्हणतात. सिरपमध्ये कोडीन, अफूच्या जातीचं.

"किती घेतल्या? खरं सांग."

"दोनच साहेब. नेहमीच्याच. आणि अर्धी बाटली. नेहमीचीच."

कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही नाही.

कोडीनवरचा उतारा नॅलोक्झोन. ते शिरेतून दिल्यावर तीन-चार मिनिटांत श्वास आठावरून चौदावर आला, बाहुल्या थोड्या मोकळ्या झाल्या. पण माणूस जागा झाला नाही. डोळे अर्धे उघडून बघायचा आणि पुन्हा बुडायचा. नॅलोक्झोनचा अंमल तासाभरात उतरतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. उरलेली गुंगी अल्प्राझोलामची होती आणि तिला नॅलोक्झोन हातही लावत नाही. तिच्यावर फ्लुमाझेनिल नावाचा उतारा आहे, पण गोळीची सवय लागलेल्याला तो दिला तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांनी तो टाळला आणि ऑक्सिजन लावून नुसती नजर ठेवली. रविवार गेला. सोमवारी दुपारी त्याने पाणी मागितलं. शनिवारी रात्री दहाला घेतलेल्या दोन गोळ्या जवळजवळ चाळीस तास उतरत होत्या.

आता पत्नीच्या फोनकडे येते. तिने डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण शेजारी सासू उभी होती. तिने मला सांगितलं, आणि मला नशेच्या गोळ्यांची गंधवार्ता नव्हती. क्लीनरला गोळ्या माहीत, एचआयव्ही माहीत नाही. आईला दोन्ही माहीत नाही. तिच्या मते काही दिवसांपासून पोराचे डोळे पिवळे दिसत होते, म्हणजे कावीळ डोक्यात गेली. एका माणसाची माहिती चार जणांत वाटलेली, आणि ती एकत्र करण्याचं काम माझ्यावर येऊन पडलं. एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय सांगायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्यात एक वाट ठेवलेली आहे: उपचारासाठी गरजेचं असेल तर एक आरोग्यसेवक त्याच रुग्णावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या आरोग्यसेवकाला ते सांगू शकतो. मी डॉक्टरांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं आणि रोगाचं नाव घ्यायच्या आधी औषधांचीच नावं सांगितली. झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, अटाझानावीर, रिटोनावीर. शेवटच्या नावाला ते थांबले. "कधीपासून?" तीन आठवडे, मी म्हटलं. "मग तो क्लीनर खोटं बोलत नाही."

आमच्या एआरटी डॉक्टरांनी ही गुंतागुंत नंतर रुग्णालाच समजावली, ती टोलनाक्याच्या भाषेत. तेच इथे देते.

यकृतात एक विकर (एन्झाइम) असतं, सीवायपी-३ए-४. पोटातून आलेली कितीतरी औषधं त्याच नाक्यावरून बाहेर पडतात, अल्प्राझोलामही त्यातलंच. आधी तीन वर्षं रुग्ण ज्या औषधावर होता त्यात इफाविरेन्झ होतं. ते या नाक्यावर जादा लेन उघडतं. गाड्या भराभर निघतात, म्हणजे अल्प्राझोलाम लवकर संपतं, नशा कमी चढते, आणि माणूस एकावरून दोनवर जातो. रिटोनावीर नेमकं उलटं. ते लेन बंद करतं. मुळात ते त्यासाठीच दिलं जातं: सोबतचं अटाझानावीर लवकर बाहेर पडू नये म्हणून. पण नाका बंद झाला की रांगेत सगळेच अडकतात. एरवी अल्प्राझोलामचा निम्मा भाग उतरायला अकरा-बारा तास लागतात, ते रिटोनावीरच्या सोबत दुपटीहून लांबू शकतं. कोडीनचाही निकामी होण्याचा एक रस्ता याच नाक्यावरून जातो. तो बंद झाला की जास्तीचा माल मॉर्फिनकडे वळू शकतो. जादा लेन मिटल्या, होत्या त्याही अर्ध्या बंद झाल्या, आणि गाड्या मात्र तेवढ्याच आल्या. नेहमीच्याच दोन.

रुग्ण म्हणाला, "म्हणजे नाका बंद आणि मागे पंधरा किलोमीटर जाम." हो, तसंच.

हे फक्त झोपेच्या गोळीपुरतं नाही. रिटोनावीर नवं असताना १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये एक रुग्ण एक्स्टसी या नशेच्या थोड्या गोळ्या घेऊन दगावला. त्याच्या रक्तातली पातळी घेतलेल्या गोळ्यांच्या मानाने कितीतरी जास्त निघाली. हायवेवर 'ताकदीची' म्हणून विकली जाणारी सिल्डेनाफिलची गोळी तर याच नाक्यावरून जाते आणि रिटोनावीरसोबत तिची पातळी अनेक पटींनी चढते. ड्रायव्हर रुग्णांना मी आता हे न विचारता सांगते. लाजत ऐकतात, पण ऐकतात.

मला खरा धक्का पुढे बसला. बुधवारी मी वॉर्डात त्याच्या कॉटपाशी स्टूल घेऊन बसले. पत्नी चहा आणायला गेली होती. तो छताकडे बघत बोलत होता. पहिली लाइन, म्हणजे औषधांचा पहिला संच, का बिघडली, ते आम्हाला कधी कळलंच नव्हतं. जानेवारीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, साठ हजारांवर निघाला, तीन महिने समुपदेशन केलं, एप्रिलमध्ये पुन्हा तपासला तर तसाच. दरवेळी तो म्हणायचा, मॅडम, रोज घेतो. गोळ्या मोजल्या तर बरोबर भरायच्या. आता म्हणाला, "उरलेल्या मी तापीच्या पुलावरून खाली सोडायचो. तुमचा हिशोब जुळावा म्हणून."

"पण उरायच्या कशाला?"

"ज्या रात्री कुत्ता घेतली, त्या रात्री तुमची गोळी घ्यायची नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना."

मी असं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, नशापाणी करायचं नाही, औषधासोबत तर मुळीच नाही. त्याने त्याचा अर्थ लावला: दोन्ही एकत्र नको. मग ज्या दिवशी एक, त्या दिवशी दुसरी नाही. महिन्यातल्या कितीतरी रात्री अशा जायच्या. आम्ही ९५ टक्के नियमितपणा मागतो, म्हणजे तीस दिवसांत दोन डोस चुकलेही जास्तच. माझ्या त्या वाक्यामुळे नशा एक दिवसही कमी झाली नव्हती, औषध मात्र चुकत गेलं.

मग दुसरी लाइन सुरू झाली. 'आता यापुढे फार पर्याय नाहीत' असं आम्ही त्याला बजावलं होतं, आणि तो घाबरला होता. त्याने ठरवलं, काही झालं तरी ही गोळी चुकवायची नाही. घरी जेवून, तासावर तास जुळवून घेतली. शनिवारीही घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने आमचं तंतोतंत ऐकलं होतं, आणि म्हणूनच दोन्ही औषधं आता एकाच रात्री पोटात जाऊ लागली. आमच्या फॉर्मवर दारू आणि तंबाखू यांचे रकाने आहेत. गोळ्या, सिरप, गांजा असा रकाना नाही. मीही कधी तोंडाने विचारलं नव्हतं. केळीची गाडी चालवणाऱ्या माणसाला झोप कशी येते, एवढा साधा प्रश्न.

पिवळ्या डोळ्यांचं लवकर उरकते. अटाझानावीरने काहींच्या रक्तात बिलिरुबिन वाढतं आणि डोळे पिवळसर दिसतात. यकृताला त्याने इजा होत नाही. त्याच्या यकृताच्या बाकी तपासण्या ठीक होत्या, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह. पण त्यासाठी आई त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन आली होती, आणि पोटात जळजळतं म्हणून मेडिकलमधून गॅसची गोळीही रोज चालू होती. अटाझानावीर पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषलं जात नाही. म्हणजे शेवभाजीने जळजळ, त्यावर गॅसची गोळी, आणि गॅसच्या गोळीने नवं औषध अर्धमेलं. त्याच्या खिशातल्या प्रत्येक गोळीचं दुसरीशी भांडण होतं.

गुरुवारी त्याला घरी सोडलं. घरच्यांनी देवासमोर शपथ घ्यायला लावली की आजपासून सगळं बंद. कौतुकाची गोष्ट, पण अल्प्राझोलाम असं एका दिवसात सोडता येत नाही, आणि हे सांगायला आम्ही कमी पडलो. सोडताना दिलेल्या कागदावर एकच ओळ होती: नशेपासून दूर राहा. शनिवारी रात्री त्याला झटका आला. आईने कांदा हुंगवला, कुणी चप्पल. परत तोच अपघात विभाग.

एचआयव्ही असलेल्या माणसाला पहिला झटका आला की डॉक्टर तो नशेचा म्हणून सोडून देऊ शकत नाहीत. मेंदूत टोक्सोप्लाझ्मा आहे का, क्षयाचा मेंदुज्वर आहे का, क्रिप्टोकॉकस आहे का, हे बघावंच लागतं. त्याची सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींची) संख्या २१० होती, म्हणजे शंका घ्यायला जागा होती. सीटी स्कॅन झाला, पाठीतलं पाणी काढलं. सगळं स्वच्छ निघालं तेव्हा उरलं एकच कारण, गोळी अचानक तोडल्याचं. मानसोपचार विभागाने लोराझेपाम सुरू केलं आणि सात आठवड्यांत थोडंथोडं उतरवलं. लोराझेपामच का? ते त्या टोलनाक्यावरून जात नाही, वेगळ्या रस्त्याने बाहेर पडतं. त्यामुळे रिटोनावीरने त्याची पातळी चढत नाही. पत्नीने ते स्वतःजवळ ठेवलं, रोज एकेक मोजून दिलं. तिला हे काम आपलं वाटलं असावं, कारण त्यानंतर तिने एकदाही 'तुमच्या गोळ्या' म्हटलं नाही.

पोलिसांचं काय, असं त्याने विचारलं होतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, हे मी त्याला वाचून दाखवलं. विकणाऱ्याला ते नाही. अल्प्राझोलाम आणि कोडीन ही दोन्ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं. २०१४ पासून चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, दिलेली संख्या हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं असतं. ज्या मेडिकलमधून ही स्ट्रिप आली, तिथल्या रजिस्टरमध्ये आमचा रुग्ण कधी उतरला असेल असं मला वाटत नाही.

खोकला तिसऱ्या आठवड्यात आला. खरं म्हणजे तो आधीपासूनच होता. एआरटी केंद्रात दर भेटीला चार प्रश्न विचारतात: खोकला, ताप, वजनात घट, रात्रीचा घाम. त्याचं उत्तर कायम 'नाही'. कोडीन खोकला दाबतं. त्याचं खरं काम तेच. वर्षभर रोज अर्धी बाटली पिणाऱ्याला खोकला जाणवणार कुठून? चार किलो वजन उतरलेलं सगळ्यांनी रात्रपाळीच्या नावावर घातलं होतं. सिरप सुटलं आणि महिनाभरात रात्रभर ढास लागायला लागली. बेडका सीबीनॅट या तपासणीला पाठवला, क्षयाचे जंतू सापडले, रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देणारे.

पण रिफॅम्पिसिन देता येईना. पुन्हा तोच नाका. ते इफाविरेन्झपेक्षाही जोरात लेन उघडतं; अटाझानावीर रक्तात टिकणारच नाही. म्हणून त्याच्या जागी रिफाब्युटिन दिलं. लघवी केशरी झाली तेव्हा या वेळी त्याने आधी मला फोन केला, मेडिकलमध्ये गेला नाही.

टीबीने घरात एक सोय केली. ते नाव उच्चारता येतं. सासू आता शेजाऱ्यांना सांगते, "मना पोऱ्याले टीबी शे, औषध सुरू शे," आणि सगळ्या गोळ्या, सगळ्या फेऱ्या, केंद्राच्या तारखा त्या एका नावाखाली मावतात. निक्षय पोषण या टीबी रुग्णांच्या सरकारी योजनेचे तेव्हाचे महिन्याला पाचशे रुपये आले त्यात अंडी आणि शेंगदाणे आणले असं तिने मला कौतुकाने सांगितलं. पत्नीची तपासणी निगेटिव्ह आहे, दर सहा महिन्यांनी होते. सासूला बाकीचं सांगायचं की नाही, ते ती दोघं ठरवतील.

गाडीवर परतताना त्याने एक गोष्ट मागितली. पुन्हा कुठे बेशुद्ध पडलो, ग्वाल्हेरला नाहीतर मथुरेला, तर डॉक्टरला कळावं आणि क्लीनरला कळू नये. आम्ही एका जाड कागदावर औषधांची चार नावं लिहिली, खाली 'झोपेची, वेदनाशामक किंवा अॅसिडिटीची औषधं देण्यापूर्वी तपासा' आणि केंद्राचा नंबर. रोगाचं नाव कुठेही नाही. डॉक्टरने वाचलं की त्याला कळेल. तो कागद त्याने लायसन्सच्या मागे, टोलच्या पावत्यांमध्ये ठेवला.

फॉर्मवर आता मी पेन्सिलीने एक रकाना आखते. त्यात व्यसन असं लिहीत नाही. विचारते, झोपायला काय घेता? जागायला काय घेता? ट्रकवाले, जिनिंगवरचे मजूर, रात्रीचे वॉचमन, बरेच जण सांगतात.

पुढच्या हिवाळ्यात एकदा रात्री पावणेदहाला त्याचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज, ट्रकचं इंजिन चालूच.

"ताई, शिव्या देऊ नका. आज एक घेतली. दुपारी. सिरप नाही. रात्रीची आपली गोळी घेऊ की राहू देऊ?"

"घ्यायची. जेवलात का?"

"नाही अजून."

"मग आधी जेवा, तिच्यासोबत घ्या. आणि आज गाडी चालवायची नाही. क्लीनरला सांगून ठेवा, दर तासाला हाक मार म्हणावं."

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं. मग ते बंद झालं.